मेलच्या चाळणीची कहाणी

मेल सर्व्हर उभा करणं हे काम तसं अर्ध्या दिवसाचं. लिनक्स टाका, पोस्टफिक्स टाका, डीएनएसमध्ये एमएक्स रेकॉर्ड टाका, झालं! पहिली मेल आली की टाळ्या. मग दोन दिवसांत स्पॅम यायला लागतो, आठवड्याभरात कोणीतरी नको ती अटॅचमेंट उघडतं, आणि खरं काम सुरू होतं: चाळणी लावायचं.

ही चाळणी लावताना अमाविस नावाच्या प्रोग्रॅमची कॉन्फिग फाईल भरावी लागते. त्या फाईलमध्ये एका व्हेरिएबलचं नाव आहे 'फायनल स्पॅम डेस्टिनी'. म्हणजे पकडलेल्या मेलची अंतिम नियती! पर्याय चार. जाऊ द्या, गुपचूप टाकून द्या, पाठवणाऱ्याला परत करा, किंवा दारातच नकार द्या. बहुतेक जण एखाद्या हाऊ-टूमधून ही ओळ कॉपी-पेस्ट करून पुढे जातात. पण हे चार पर्याय कुठून आले, आणि त्यातला चुकीचा निवडला तर नक्की काय बिघडतं, हे समजायला जवळपास तीस-पस्तीस वर्षं मागे-पुढे फिरून यावं लागतं. या वीकेंडला तेच करू.

सुरुवात एका आकड्यापासून. २५०.

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ लिहिलं. तेच एसएमटीपी, मेलची देवाणघेवाण आजही ज्यावर चालते ते. हा म्हणजे दोन सर्व्हरमधला चक्क संवाद आहे, आणि तोही बऱ्यापैकी सभ्य. पाठवणारा म्हणतो, नमस्कार, मी अमुक. समोरचा म्हणतो, २५०, बरं. पाठवणारा म्हणतो, याच्याकडून आहे, त्याच्यासाठी आहे. पुन्हा २५०. मग तो अख्खं पत्र वाचून दाखवतो, शेवटी एका ओळीवर एकच टिंब देतो. समोरचा शेवटचा २५० देतो आणि दोघं आपापल्या वाटेने जातात.

हा शेवटचा २५० महत्त्वाचा. आपल्याकडे रजिस्टर पत्रावर सही करून घेतात ना, तशी ती पोचपावती. ऑक्टोबर १९८९ मध्ये आरएफसी ११२३ ने याचा अर्थ अगदी स्पष्ट लिहून ठेवला. एकदा २५० म्हटलं की पत्राची जबाबदारी तुमची. पुढे पोचवा, नाहीतर पोचलं नाही असं पाठवणाऱ्याला कळवा. फुटकळ कारणाने पत्र हरवायचं नाही. थोडक्यात, पत्र एकतर पोचेल किंवा परत येईल, मधल्यामध्ये गडप होणार नाही. ई-मेलवर जगाने जो विश्वास टाकला तो या एका वचनावर.

या संवादात एक मोठं भोकही होतं. 'याच्याकडून आहे' असं म्हणणारा खरं बोलतोय का, हे तपासायची काहीच सोय नव्हती. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचंही नाव लिहावं, पोस्टाला काय त्याचं? त्या काळी नेटवर्कवर होती विद्यापीठं, सरकारी प्रयोगशाळा आणि त्यांना यंत्रं विकणाऱ्या कंपन्या. सगळे एकमेकांना ओळखणारे. चाळीत कोणी दाराला कडी लावतं का?

गंमत म्हणजे धोका पोस्टेल यांना आधीच दिसला होता. नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांनी आरएफसी ७०६ लिहिलं, जेमतेम एका पानाचं. विषय होता 'जंक मेलचा प्रश्न'. नको असलेला मजकूर पाठवणाऱ्या यंत्राला निवडून नकार द्यायची काही सोय आपल्या नेटवर्कमध्ये नाही, आणि ती असायला हवी, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ते कोणाला तातडीचं वाटलं नाही.

अडीच वर्षांत त्याची चुणूक मिळाली. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, या कंपनीचे मार्केटिंगवाले गॅरी थर्क यांना नव्या संगणकाची कॅलिफोर्नियातली प्रात्यक्षिकं जाहीर करायची होती. आर्पानेटची छापील डिरेक्टरी हाताशी होतीच. त्यातले पश्चिम किनाऱ्यावरचे जवळपास ४०० पत्ते उचलले आणि सगळ्यांना एकच मेल. पत्ते इतके झाले की हेडरमध्ये मावेनात, उरलेले मजकुरात सांडले! आर्पानेट सांभाळणाऱ्या सैनिकी खात्याने तक्रार केली, कंपनीला समज मिळाली, प्रकरण मिटलं. सगळे ओळखीचे असल्याचा हा फायदा. एक फोन, आणि काम झालं.

ओळखीचं जग संपलं ते १९९० च्या दशकात. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या कँटर आणि सीगल या वकील नवरा-बायकोने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेटच्या हजारो चर्चागटांवर टाकली. लोक भडकले, यांनी माफी तर मागितली नाहीच, उलट या धंद्यावर पुस्तक लिहिलं. एव्हाना अशा कचऱ्याला 'स्पॅम' म्हणायची पद्धत रुळत होती. डबाबंद मांसाच्या एका ब्रँडचं हे नाव, १९७० च्या माँटी पायथनच्या एका प्रहसनातून आलेलं. त्यात हॉटेलातल्या प्रत्येक पदार्थात स्पॅम असतोच, हवा असो वा नसो.

आता कडी लावणं भाग होतं. पण कोणत्या दाराला?

पहिलं दार सर्व्हरचं स्वतःचं. तोवरचे सर्व्हर कोणाचीही मेल कोणालाही पुढे पोचवून द्यायचे. शेजारधर्म म्हणा. यालाच ओपन रिले म्हणत. स्पॅमवाल्यांना हे आयतंच सापडलं. मेल एकदा ढकलायची, ५०,००० पत्ते जोडायचे, पुढची हमाली परक्या सर्व्हरने करायची. त्या वेळी सगळ्यात जास्त वापरात असलेल्या सेंडमेलने ही सोय मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली ती १९९८ मध्ये, ८.९ या आवृत्तीपासून. शेजारधर्म संपला त्याची तारीख हवी असेल तर ही घ्या.

दुसरं दार म्हणजे काळी यादी. पॉल व्हिक्सी आणि डेव्ह रँड यांनी १९९७ च्या सुमारास मॅप्स नावाने असली यादी चालू केली (इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचून बघा, स्पॅम होतं). पुढे ती डीएनएसवरून देण्याची युक्ती निघाली, ती मला आजही फार आवडते. १९२.०.२.१० या पत्त्यावरून कोणी आलं, की आकडे उलटे करून यादीच्या नावापुढे लावायचे आणि डीएनएसला विचारायचं, असं कोणी आहे का? '१२७.०.०.२' असं उत्तर आलं की माणूस यादीत आहे. 'असं कोणी नाही' म्हटलं की आत घ्या. वेगळा प्रोटोकॉल नाही, वेगळा सर्व्हर नाही, आहे त्याच रस्त्यावरून काम.

काळ्या यादीवर लोकांनी रागही खूप काढला. कारण यादीत माणूस नसतो, पत्ता असतो. त्या पत्त्याच्या शेजारी स्पॅमवाला राहत असेल तर तुम्हीही अडकता. काही याद्या तर देशच्या देश अडवायच्या. सुक्याबरोबर ओलं जळणं म्हणतात ते हेच. पण एक गोष्ट इथे मान्य करायला हवी: काळी यादी खोटं बोलत नाही. ती दारातच '५५०, नाही घेत' असं म्हणते. २५० दिलेलाच नसतो. मग पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला त्याच्या माणसाला सांगावं लागतं की पत्र गेलं नाही. त्याला राग येतो, पण निदान कळतं. तो फोन करतो.

वचन मोडायला सुरुवात झाली ती पुढे, पत्र उघडून आत बघायची वेळ आली तेव्हा. आणि ती वेळ आणली व्हायरसांनी.

२६ मार्च १९९९ ला मेलिसा आला. वर्ड फाईलमधला मॅक्रो. फाईल उघडली की आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० जणांना स्वतःला पाठवायचा. ४ मे २००० ला 'आय लव्ह यू' आला. अटॅचमेंटच्या नावात आधी टीएक्सटी आणि मग व्हीबीएस. विंडोज शेवटचं एक्स्टेंशन लपवायचं, त्यामुळे लोकांना ती साधी टेक्स्ट फाईल वाटायची. हा तर यादीतल्या सगळ्यांनाच जायचा. काळ्या यादीचा इथे काही उपयोग नव्हता, कारण मेल यायची ती खरोखरच ओळखीच्या माणसाकडून, खरोखरच्या सर्व्हरवरून. आता पाकीट फोडल्याशिवाय इलाज नव्हता.

पाकीट फोडायचं काम अमाविसकडे आलं. त्याचं पुढचं रूप, अमाविसडी-न्यू, स्लोव्हेनियातल्या योझेफ स्टेफान इन्स्टिट्यूटच्या मार्क मार्टिनेक यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. व्हायरस ओळखायला २००२ मध्ये पोलंडच्या तोमाश कोइम यांचा क्लॅमएव्ही आला, फुकट आणि मुक्त. आणि या सगळ्यांच्या पुढे उभा पोस्टफिक्स, वीत्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये लिहिलेला, डिसेंबर १९९८ पासून जगाला खुला. या मंडळींची जोडणी ज्यांनी केलीय त्यांना पोर्ट नंबर झोपेतही आठवतील. पोस्टफिक्सने मेल घ्यायची, १०,०२४ वर अमाविसला द्यायची, अमाविसने अटॅचमेंटची पुटं सोडवून क्लॅमएव्हीला दाखवायची, आणि स्वच्छ निघाली तर १०,०२५ वर पोस्टफिक्सला परत. (व्यवस्थित चाललंय का हे बघायला खरा व्हायरस लागत नाही. 'ऐकार' नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाईल आहे, सगळे अँटिव्हायरस ती पकडायचं ठरवून बसलेत.)

आता नीट बघा. 'पोस्टफिक्सने मेल घ्यायची' असं मी लिहिलं. घेतली म्हणजे २५० म्हटलं. तपासणी त्यानंतर. पावती देऊन मगच पाकीट फोडलं. याला कारणही होतं. झिपमधली झिप सोडवून तपासायला वेळ लागतो, तेवढा वेळ समोरच्याला दारात ताटकळत ठेवलं तर गर्दीच्या वेळी सर्व्हर गुदमरतो. म्हणून आधी घ्या, मग बघू. पण बघितल्यावर आत व्हायरस निघाला तर करायचं काय? जबाबदारी आता आपल्या गळ्यात. नियमाप्रमाणे पाठवणाऱ्याला कळवायला हवं. बहुतेकांनी इमानेइतबारे तेच सेटिंग ठेवलं.

आणि ऑगस्ट २००३ मध्ये सोबिग.एफ आला. हा पाठवणारा म्हणून भलत्याच कोणाचं तरी नाव लावायचा, लागण झालेल्या मशीनवर सापडलेल्या पत्त्यांमधून उचलून. मग जगभरच्या सर्व्हरनी त्या बिचाऱ्यांना पत्रं धाडली: तुम्ही आम्हाला व्हायरस पाठवलाय! ज्यांच्या मशीनवर काहीच नव्हतं त्यांच्याकडे अशा सूचनांचा ढीग. चोर सोडून संन्याशाला फाशी. जानेवारी २००४ मध्ये मायडूमने हाच प्रकार पुन्हा केला. याला बॅकस्कॅटर असं नाव पडलं, आणि नियम पाळणारे सर्व्हरच कचरा पसरवायला लागले.

मग उरलं काय? गुपचूप टाकून द्या. व्हायरसच्या बाबतीत हे पटण्यासारखं होतं. सोबिगची प्रत हरवली म्हणून कोण रडणार? पण एकदा हात वळला की वळला. हेच सेटिंग स्पॅमलाही लागू होऊ लागलं. आणि स्पॅम ओळखणं ही व्हायरससारखी हो-नाहीची गोष्ट नाही. तो अंदाज असतो.

हा अंदाज किती सुंदर होता तेही सांगायला हवं. एप्रिल २००१ मध्ये जस्टिन मेसन यांनी स्पॅमअसॅसिन जगापुढे ठेवला. कल्पना परीक्षेसारखी, फक्त इथे जास्त गुण म्हणजे नापास. विषय सगळा कॅपिटलमध्ये? अमुक गुण. तारीख भविष्यातली? आणखी काही. बेरीज ५ झाली की स्पॅम. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहॅम यांनी 'अ प्लॅन फॉर स्पॅम' हा निबंध लिहिला. नियम माणसाने लिहायचेच कशाला? चांगल्या आणि वाईट मेल्सचा ढीग दाखवा, कोणता शब्द कुठे किती येतो ते यंत्रच मोजेल. संशोधकांचे तसे पेपर १९९८ मध्येच आले होते, पण प्रोग्रॅमर लोकांपर्यंत ही कल्पना नेली ग्रॅहॅम यांनी. १८ व्या शतकातल्या थॉमस बेझ या पाद्र्याचं संभाव्यतेचं गणित इथे कामाला आलं. ग्रॅहॅम यांना असं आढळलं की एचटीएमएलमधला भडक लाल रंगाचा कोड हा कुठल्याही अश्लील शब्दाइतकाच खात्रीचा पुरावा आहे! कुठल्या माणसाला हे सुचलं असतं?

त्याच निबंधात एक इशारा आहे. खरी मेल चुकून अडकणं हे स्पॅम आत येण्यापेक्षा कितीतरी वाईट, म्हणून त्यांनी चांगल्या मेलमधल्या शब्दांची मोजणी मुद्दाम दुप्पट धरली. पुढे ते म्हणतात, फिल्टर जितका चांगला होईल तितकी त्याची चूक जास्त धोक्याची, कारण त्याने पकडलेल्या ढिगाकडे मग कोणी बघणारच नाही. स्पॅमअसॅसिनवाल्यांनाही हे कळत होतं. हा प्रोग्रॅम स्वतः कुठलीच मेल पुसत नाही, फक्त शिक्का मारतो. ५ ही मर्यादा एकट्या माणसाच्या मेलपुरती ठीक, अनेकांसाठी सर्व्हर चालवत असाल तर ८ किंवा १० ठेवा, आणि शिक्का पडलेली मेल आपोआप पुसू नका, असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. हाऊ-टू वाचणारे किती जण तिथपर्यंत पोचले, देव जाणे.

अंदाज चुकतो कसा याचं आपल्या जवळचं उदाहरण घ्या. स्पॅमअसॅसिनला एक प्लगिन आहे, मेल कोणत्या भाषेत आहे हे ओळखणारं. त्याच्या यादीत मराठी आहे, संस्कृतसुद्धा आहे. पण एखाद्या ॲडमिनने हे चालू करून 'चालणाऱ्या भाषा' समोर फक्त इंग्रजी लिहिलं, तर आईने देवनागरीत लिहिलेली मेल दारात पाऊल टाकतानाच गुण घेऊन येणार, आणि तेही वाईट. तिचा गुन्हा काय, तर भाषा.

त्याहून मोठं उदाहरण १ जानेवारी २०१० चं. स्पॅमवाले तारीख पुढची टाकून आपली मेल इनबॉक्समध्ये सगळ्यात वर ठेवायचे. म्हणून स्पॅमअसॅसिनमध्ये एक नियम होता: सालात २०१० ते २०९९ असेल तर तारीख फारच पुढची, गुण द्या. नियम लिहिला तेव्हा तो बरोबर होता. मग २०१० उजाडलं! त्या सकाळपासून जगातल्या प्रत्येक मेलची तारीख 'फारच पुढची' झाली. बऱ्याच मांडणींत या एका नियमाचे तीनाहून जास्त गुण, मर्यादा ५. उरलेले दोन कुठूनही मिळतात. विकासाच्या शाखेत चूक आधीच दुरुस्त झाली होती, पण लोकांच्या सर्व्हरवर पोचली नव्हती. जिथे सर्व्हर शिक्का मारून थांबत होता तिथे लोकांनी स्पॅम फोल्डर उपसून मेल्स काढल्या. जिथे दारात नकार देत होता तिथे पाठवणाऱ्याला कळलं. आणि जिथे नियती 'गुपचूप टाका' होती, तिथे काही आवाजच झाला नाही. फरक फक्त त्या एका ओळीचा.

या घटनेच्या सव्वा वर्ष आधी, ऑक्टोबर २००८ मध्ये, एसएमटीपीचं नवं रूप आरएफसी ५३२१ म्हणून आलं होतं. १९८९ चं वचन त्यातही आहे. पण जोडीला एक कबुलीजबाब आहे. कोणालाही न कळवता मेल टाकून देणं हे आता चालतं, पण ते अत्यंत धोक्याचं आहे आणि पत्र एकतर पोचतं किंवा परत येतं या जुन्या परंपरेला धरून नाही, अशा अर्थाचं. एखाद्या तांत्रिक मानकात इतकी खंत क्वचित वाचायला मिळते. स्पॅमवाल्यांनी कचरा केला हे खरं. पण वचन मोडलं ते त्यांनी नाही, चाळणी लावणाऱ्या आपल्यासारख्यांनी.

मग दुसरा मार्ग नव्हता का? होता, आणि आहे. २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी ग्रेलिस्टिंग सुचवलं. अनोळखी सर्व्हरला म्हणायचं, '४५१, थोड्या वेळाने या'. खरा सर्व्हर परत येतो, स्पॅमचं घाईतलं सॉफ्टवेअर बहुधा येत नसे. वचन शाबूत, फक्त उशीर (हल्ली ओटीपीच्या काळात तो उशीरही परवडत नाही, ते सोडा). आणि मशीन वेगवान झाली तसं पाकीट पावतीच्या आधीच फोडणं शक्य झालं. पोस्टफिक्समध्ये त्याची एक सोय २००४ मध्ये आली, दुसरी २००६ मध्ये. पत्र ऐकून घ्यायचं, तिथल्या तिथे तपासायचं, आणि पटलं नाही तर २५० ऐवजी ५५०. बॅकस्कॅटर नाही, गडप होणंही नाही. १९८२ च्या त्या मूळ भोकावर, म्हणजे पाठवणारा कोण यावर, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशी ठिगळं लागली. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५,००० च्या वर मेल्स पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची झाली.

म्हणजे कहाणी सुफळ संपूर्ण? नाही हो. आता आपल्यापैकी बहुतेकांचे स्वतःचे सर्व्हर नाहीत. मोठ्या कंपन्यांकडे मेल, आणि त्यांनी पाचवा पर्याय रूढ केलाय: २५० म्हणा, पत्र पोचवा, पण स्पॅम फोल्डरमध्ये. कागदोपत्री वचन पाळलं. पाठवणाऱ्याला वाटतं पोचलं, घेणाऱ्याला वाटतं आलंच नाही, आणि जीमेलमध्ये ३० दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं. ग्रॅहॅम यांचा इशारा इथे तंतोतंत लागू पडतो. फिल्टर इतके चांगले झालेत की आपण तिकडे बघणंच सोडून दिलंय. मुलाखतीचं बोलावणं, जुन्या मित्राने पंधरा वर्षांनी लिहिलेल्या चार ओळी, अशा गोष्टी तिथे महिनाभर पडून राहतात आणि जातात. हरवलेल्या पत्राची तक्रार कोणी करत नाही, कारण ते हरवलंय हेच दोघांना माहीत नसतं.

असो. सर्व्हर चालवत असाल तर ती ओळ एकदा उघडून बघा. दारात नकार देता येत असेल तर तोच द्या, आणि पावती दिली असेल तर निदान क्वारंटाईनची यादी ज्याची त्याला रोज जाऊ द्या. सर्व्हर नसेल तर महिन्यातून दोनदा, पंधरा आणि तीस तारखेला, स्पॅम फोल्डरवरून नजर फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे. मोडलेल्या वचनाची तेवढी भरपाई आपल्या हातात आहे.